शोभाताईंचा चरक आणि माझं बेअरिंग

चहा आधी ओता, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी पुढचं सांगणार नाही! आमच्या विश्रांतवाडीत हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, फक्त जो तो आपल्या पदरचं थोडं घालून सांगतो. तुम्हाला मी मूळ प्रत देते. मूळ प्रतही काही कमी लाजिरवाणी नाही म्हणा.

तर मी सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर आवक-जावक बघते आणि संध्याकाळी नाटक करते. हौशी हो! आमच्या विहाराच्या सभागृहात दरवर्षी जयंतीला नाटक होतं. बसवतात भालेराव सर. शाळेतून निवृत्त झाले, पण आवाज अजून मधल्या सुट्टीतल्या पटांगणावरचाच. यंदा मला त्यांनी न्यायाधीशाचं काम दिलं होतं. काळा झगा, उंच खुर्ची, आणि शेवटी एक दणदणीत निकाल. मला काय, आनंदच आनंद! घरी माझे निकाल कोण ऐकतंय?

आता इथे एक शब्द येतो, तो नीट ऐकून ठेवा. बेअरिंग. आम्हा नाटकवाल्यांच्या भाषेत बेअरिंग म्हणजे काय? एकदा सोंग घेतलं की ते सुटू द्यायचं नाही. विंगेत काही पडू दे, समोर पोर रडू दे, आपण न्यायाधीश म्हणजे न्यायाधीश. त्या बाबतीत मी पक्की. मागच्या वर्षी प्रयोगात माझ्या अंगावर पडदा पडला होता, तर मी पडद्याच्या आतून वाक्य पूर्ण केलं!

त्या संध्याकाळी तालमीत दोन नवीन मुली फिदीफिदी हसायला लागल्या आणि भालेराव सर कडाडले.

"अरे, बेअरिंग म्हणजे काय ते या सुनंदाताईंकडून शिका! यांच्याइतकं बेअरिंग अख्ख्या पुण्यात कुणाला कळत नाही. नुसती नजर टाकतात आणि सांगतात, हे बेअरिंग ढिलं, ते बेअरिंग पक्कं!"

मी आपली मान खाली घालून लाजले. खोटं कशाला बोलू, मान फारशी खाली गेली नाही. आणि नेमक्या त्याच वेळी सभागृहाच्या दारात, पाण्याची कळशी भरायला आलेल्या शोभाताई उभ्या होत्या.

शोभाताई मूळच्या मांजरी गावच्या. भावाचा तिकडे ऊस. इतकी वर्षं त्या एका खानावळीत पोळ्या लाटत होत्या आणि तिथल्या मालकिणीची बोलणी खात होत्या. शेवटी एक दिवस लाटणं ठेवलं, जुना चरक विकत घेतला आणि विहाराच्या समोरच्या कोपऱ्यावर नुकतीच रसवंती टाकली. हे मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की या बाई पाणी न्यायला येतात आणि जाताना नळ घट्ट बंद करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर!

"ताई, येळ हाय का? जरा बेअरिंगचं इचारायचं हुतं."

मला वाटलं, यांनाही नाटकात काम हवंय. म्हटलं, "बसा ना! कुणाचं बेअरिंग?"

"माझंच की. पार गेलंय."

"जातं हो पहिल्या पहिल्यांदा. समोर माणसं दिसली की होतं असं?"

"व्हय! येकटी असले की गप असतंय. गर्दी झाली, जोर लावला, की थरथराया लागतंय."

"अगदी बरोबर! माझेही पाय असेच थरथरायचे. आणि आवाज?"

"आवाज तर इचारूच नका. पार चौकापर्यंत जातोय."

"मग उत्तमच की! शेवटच्या रांगेपर्यंत गेलाच पाहिजे."

"अवं ताई, उत्तम कुठलं? लोकं पळून चालल्यात!"

मला फार वाईट वाटलं. बिचारीचा आवाज कर्कश असणार. म्हटलं, "काही घेऊन बघितलंत का?"

"त्याल दिलं."

"तेल? नको नको! ज्येष्ठमधाची काडी धरा. रात्री हळद-दूध."

शोभाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "बेअरिंगला हळद-दूध?" असं म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझ्या टीपॉयवर ठण्णकन एक लोखंडी कडं ठेवलं. मग त्याच्या शेजारी दुसरं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे ते बेअरिंग! चाकातलं! यंत्रातलं!

आता शहाण्या माणसाने इथे काय केलं असतं? "अहो, गैरसमज झाला, ते नाटकातलं बेअरिंग," असं सांगून चहा टाकला असता. मीही तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ. पण शोभाताई तेवढ्यात बोलल्या.

"नाना पेठेतनं आणलीत. दोन्ही सस्तातलीच. भारीतलं घ्यायची आपली ताकद न्हाई. दुकानदार म्हनतोय, दोन्ही चालत्यात. भाऊ म्हनतोय, कंचंबी घाल. येक गडी धड सांगंना. आन् तुमी बाईमानूस, नुस्त्या नजरंनं वळखता! म्या काल सोता ऐकलं. यंदाचा उन्हाळा चरक चालला तर चालला ताई, न्हाईतर पुन्यांदा त्या खानावळीत लाटणं धरायचं. ती बया वाटच बघतीया."

त्यांचे डोळे असे काही भक्तिभावाने माझ्यावर लागले होते की विचारू नका. माझ्याकडे असं कुणी बघितलंय कधी? कचेरीत नाही, घरात तर नाहीच नाही. आणि मी बेअरिंग सोडलं नाही. म्हणजे माझं.

मी चष्मा लावला. एक कडं उचललं.

आणि खरं सांगते, त्या क्षणी मी सोंग विसरले. तळहाताएवढी ती वस्तू, थंडगार, चकचकीत. एका कड्यात दुसरं कडं, आणि दोघांच्या मधे बारीक गोल छर्रे, एकमेकांना न ढकलता शहाण्यासारखे ओळीत बसलेले. आतल्या कड्यात बोट घालून बाहेरच्याला टिचकी मारली मात्र, अहाहा! सुर्रर्र करून जे फिरायला लागलं ते थांबेचना. जगातली सगळी चाकं, गिरण्या, पंखे असल्या कड्यांवर फिरतात आणि पन्नाशी उलटेपर्यंत मी यातलं एकही हातात घेतलेलं नव्हतं! अंगावर काटा आला हो.

मग दुसरं घेतलं. त्याला दोन्ही बाजूंनी काळ्या रबराची झाकणं. छर्रे दिसतसुद्धा नाहीत. टिचकी मारली, तर अर्धा फेरा फिरलं आणि बसलं. पुन्हा मारली. पुन्हा बसलं.

"ह्ये जरा जड फिरतंय," शोभाताई म्हणाल्या, "पर हाताला लोण्यावानी लागतंय. मला बापडीला ह्येच बरं वाटत हुतं."

"छे छे!" मी म्हणाले. आणि कसं म्हणाले? डोळे मिटून, हात वर करून, थेट न्यायाधीशाच्या आवाजात. "शोभाताई, जे थांबतं ते बेअरिंगच नव्हे! पक्कं बेअरिंग कसं ओळखायचं? एकदा सुरू झालं की कुणासाठी थांबत नाही. हे उघडं घाला. ते झाकलेलं नको. ज्याच्यात काही खोट असते तेच झाकतात."

वाक्य काय सुंदर पडलं! मलाच टाळ्या ऐकू आल्या. शोभाताईंनी पदराने कडं पुसलं, कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "ताई, आता चरकाचं नव्यानं उद्घाटन तुमच्याच हातनं."

आमचे हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. त्या गेल्यावर बाहेर आले. आमचे हे बोलतात कमी, पण जे बोलतात ते जिव्हारी लागतं.

"अगं, परवा मिक्सरचं भांडं उलटं बसवून 'मोटर जळली' म्हणत होतीस, ती तूच ना?"

"तुम्हाला कुणाचं कौतुक बघवतच नाही!"

"कौतुक होऊ दे. रस निघाला पाहिजे."

इथपर्यंत ठीक होतं. पण शोभाताईंचं तोंड म्हणजे पाण्याच्या रांगेतली आकाशवाणी. दोन दिवसांत वस्तीभर झालं, सुनंदाताई बेअरिंग बघतात! तळमजल्यावरचे काळेकाका प्रवासाची बॅग घेऊन आले, चाकं वाजतात म्हणून. कुणी मुलाचे स्केट आणले. शिंद्यांची सून चक्क बाळाचा पाळणा उचलून घेऊन आली, मागून सासू बाळ घेऊन! कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने मला दुकानाच्या शटरला कान लावायला नेलं. मी लावला! भर रस्त्यात, साडीचा पदर खोचून, शटरला कान लावून डोळे मिटून उभी राहिले आणि म्हणाले, "आत काहीतरी खदखदतंय."

"उंदीर असतील," आमचे हे मागून म्हणाले.

पण लोकांना पटलं माझंच! एकदा लोकांनी ठरवलं ना, की तुम्ही मोठे आहात, की मग तुम्ही नुसतं "हं" म्हटलं तरी त्यात त्यांना अर्थ सापडतो. मी "हं" म्हणत होते. वेगवेगळ्या सुरांत. पुढेपुढे मलाही वाटायला लागलं, कुणी सांगावं, असेल आपल्याला उपजत जाण! रात्री पंख्याचा आवाज ऐकत पडायचे आणि गंभीरपणे मान हलवायचे.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. कोपऱ्यावर हीऽ गर्दी! चरकाला झेंडूच्या माळा, मोठ्या चाकाला नवी कोरी घुंगरं, मांजरीहून आलेल्या उसाची मोळी उभी केलेली, आलं-लिंबू मांडलेलं. भालेराव सर सगळ्या नाटकमंडळींना घेऊन पहिल्या रांगेत. शोभाताई हिरव्या साडीत, आणि त्यांचा भाऊ बाळू हातात पाना घेऊन चरकाजवळ. मी कशी गेले असेन? प्रयोगासाठी घेतलेली गडद निळी साडी नेसून गेले!

शोभाताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या ताईंनी बेअरिंग निवडून दिलं, म्हनून आज ह्ये दिसतंय."

टाळ्या! मी हात जोडले आणि बटण दाबलं.

छुम छुम छुम छुम! घुंगरं वाजली, चाक फिरलं, ऊस आत गेला, हिरवागार रस खाली आला. पहिला ग्लास माझ्या हातात. मी तोंडाला लावणार, एवढ्यात घुंगरांच्या मागून बारीक आवाज आला. कुईं.

शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी स्मितहास्य केलं.

कुईंऽऽ.

"नवं आहे," मी म्हणाले. "जरा लाजतंय."

बाळूने दुसरा ऊस घातला. कुईंऽऽचं किंकाळीत रूपांतर झालं. समोरच्या गॅलरीत बायका बाहेर आल्या. दोन कुत्री भुंकायला लागली. चरक गदगदा हलतोय, झेंडूच्या माळा तुटून रसाच्या भांड्यात पडतायत, बाळू ओरडतोय, "आक्का, बंद कर, बंद कर!" आणि शोभाताईंनी बटण बंद करायच्या आत कड्कन आवाज झाला आणि चाक जागच्या जागी थांबलं. ऊस अर्धा आत, अर्धा बाहेर. घुंगरंसुद्धा गप्प.

त्या शांततेत अख्खी विश्रांतवाडी माझ्याकडे बघत होती. शोभाताईंचा चेहरा पांढराफटक. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, नुसत्या त्या थांबलेल्या चाकाकडे बघत होत्या, आणि मला त्यात ती खानावळ दिसली. जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. आता तरी खरं सांगायचं की नाही? पण तोंडातून काय निघालं, तर "हे... हे अपेक्षितच होतं."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून भालेराव सर अभिमानाने गरजले, "बघा रे पोरांनो! याला म्हणतात बेअरिंग! एवढं होऊनसुद्धा सुटलं नाही!"

"सर," बाळू पाना वर करून म्हणाला, "सुटलं न्हाई म्हंजे? छर्रं रस्त्यावर पडल्यात की!"

पडले होते. दोन-तीन छर्रे टणाटण उड्या मारत गटाराच्या दिशेने चालले होते. एक माझ्या चपलेपाशी येऊन थांबला. थांबलाच शेवटी! कोण म्हणालं होतं, पक्कं असतं ते थांबत नाही?

मग मात्र मी मोडले. "शोभाताई," मी म्हणाले, "मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही हो. सर म्हणाले ते नाटकातलं बेअरिंग. सोंग धरून ठेवायचं ते."

शोभाताईंनी एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता उसाचं कांडकं डोक्यात बसणार. बसलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं. पण त्या सरळ वाकल्या, गल्ल्याखालची पिशवी ओढली आणि आतून ते दुसरं कडं काढलं. काळ्या रबराच्या झाकणाचं. माझ्या न्यायालयाने फेटाळलेलं.

"परत द्याया गेलते," त्या म्हणाल्या. "दुकानदारानं घेतलं न्हाई. म्हनला, पाटी वाचता येते का? 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही, वाद घालू नये.' लई शिव्या घातल्या त्याला मनात. बाळ्या, लाव ह्ये!"

पुण्याच्या दुकानदाराच्या खडूसपणाने आजवर कुणाचं भलं झालेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

बाळूने ठोकून-ठाकून फुटकं काढलं, झाकणवालं बसवलं. लोक कुठे जातायत! फुकटचा तमाशा सोडून पुणेकर गेलाय कधी? शोभाताईंनी रसाचं भांडं धुतलं, माळा बाजूला केल्या, आणि यावेळी बटण स्वतः दाबलं.

छुम छुम छुम छुम. एवढंच. मागे काही नाही! कान टवकारले, जवळ गेले, तरी काही नाही. दांडग्या उसाची कांडकी कडाकड चिरडली जात होती, एवढं मोठं धूड गरगर फिरत होतं, आणि त्याचा सगळा भार पेलणारं ते स्वस्तातलं कडं आत बसून हूं नाही की चूं नाही. फक्त घुंगरांचा आवाज आणि रसाची धार. मी थक्क होऊन बघत राहिले. हातातला ग्लास कुणी काढून घेतला तेही कळलं नाही. आमच्या ह्यांनी घेतला होता.

"रस निघाला," ते म्हणाले. आणि प्यायले.

पण माझा स्वभाव बघा! दुसऱ्याच दिवशी मी तावातावाने नाना पेठेत त्या दुकानात गेले. ते फुटकं कडं काउंटरवर आपटलं.

"अहो, काय माल विकता! टिचकी मारल्यावर हे इतकं सुंदर फिरत होतं!"

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "मग टिचक्याच मारायच्या होत्या ना. यंत्रात कशाला घातलंत?"

"म्हणजे?"

"बाई, हे आत कोरडं येतं. बसवायच्या आधी ग्रीस आपण भरायचं. कोरडं आहे म्हणून तर भिंगरीसारखं फिरतं. झाकणवाल्यात ग्रीस भरलेलं असतं, ते सावकाशच फिरणार. स्वस्तातलं घेताना टिचकी मारायची नसते. दाबून धरायचं आणि हळू फिरवायचं. आत खडा लागल्यासारखं वाटलं तर ठेवून द्यायचं, लोण्यासारखं लागलं तर घ्यायचं." मग पहिल्यांदा त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला हे निवडून कुणी दिलं?"

"आहे एक बाई," मी म्हणाले. "विश्रांतवाडीत."

"त्यांना म्हणावं, भिंगरी हवी असेल तर खेळण्यांचं दुकान दुसऱ्या गल्लीत आहे."

हाताला लोण्यावानी लागतंय! शोभाताई म्हणाल्या होत्या की नव्हत्या? आणि मी काय म्हणाले होते? जाऊ दे, पुन्हा नको.

रसवंती झकास चालली. जयंतीपर्यंत मी तिथे रोज रस प्यायले आणि रोज मुकाट्याने ग्लास विसळून ठेवला. शोभाताईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मला वाटलं, विसरल्या असतील. किती भोळी मी!

जयंतीच्या नाटकाला सभागृह खचाखच भरलं. माझं काम रंगात आलं होतं, एकदम टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. शेवटचा प्रवेश. मी खुर्चीतून उठले, काळा झगा सावरला, हात वर केला आणि निकाल द्यायला सुरुवात केली.

"सगळे पुरावे तपासून हे न्यायालय... हे न्यायालय..."

पुढचं गेलं! सगळं गेलं! डोक्यात नुसतं छुम छुम छुम. विंगेतून भालेराव सर ओठ हलवतायत, मला काही कळत नाहीये.

"हे न्यायालय..."

आणि शेवटच्या रांगेतून, चौकापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात, शोभाताई ओरडल्या, "ताई, बेअरिंग गेलं व्हय? थांबा, झाकणवालं घिऊन येते!"